मोडीच्या भावात

रविवारी सकाळी लक्ष्मीपुरीच्या बाजारात भाजीला गेलेल्या माणसानं पिशवी भरावी आणि घरी यावं. आमचं तसं होत नाही. बाजाराच्या कडेला पोती अंथरून जुनं सामान विकणारे बसलेले असतात, तिथं आमचे पाय अडकतात. गंजलेले पान्हे, किल्ल्यांचे जुडगे, काटे हरवलेली घड्याळं, रेडिओच्या रिकाम्या पेट्या, पाय मोडलेला स्टोव्ह, आणि त्या गर्दीत कधीतरी पितळेचा एखादा बधना, अडकित्ता किंवा पानदानाचं नुसतंच झाकण. घरी यायला उशीर होतो, मेथी कोमेजते आणि मुलं विचारतात, "आज काय भंगार आणलं?"

गेली बारा-तेरा वर्षं हे चाललंय. आम्ही दोघंही शाळेत शिकवणारे, त्यामुळे हौसेला पगाराची वेस आहे. घेतलेल्या वस्तूंपैकी थोड्या घरात राहिल्या, बऱ्याच विकल्या, त्या पैशातून पुढच्या घेतल्या. ओळखीच्या काही भगिनी विचारतात, की हा घरबसल्या करण्यासारखा व्यवसाय आहे का? आहे. भांडवल कमी लागतं, दुकान लागत नाही, मोबाइलवर फोटो पाठवून गिऱ्हाईक मिळतं. पण त्यात एक अडचण आहे आणि ती समजायला आम्हालाच बरीच वर्षं लागली. ती पुढं सांगतो.

अमेरिकेत राहणारे आमचे एक नातेवाईक सांगतात, तिकडं लोक सुट्टीच्या दिवशी घराच्या गॅरेजचं दार उघडून नको असलेलं सामान मांडतात, वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावतात आणि शेजारपाजारचे येऊन घेऊन जातात. आपल्याकडं घरातलं सामान असं दारात मांडायची लाज वाटते. लोक म्हणतील, यांच्यावर काय वेळ आली! म्हणून आपण ते गुपचूप काढतो. रद्दीवाला, भंगारवाला, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, आणि तांब्या-पितळेसाठी भांड्यांचं दुकान. जुनं भांडं दुकानातल्या तराजूवर पडलं की त्याचं नाव बदलतं, ते 'मोड' होतं. मोडीला किलोचा भाव असतो. भांड्याचा घाट, त्यावरचं काम, त्याचं वय, ते कोणाच्या लग्नात आलं, यातलं काहीच त्या भावात धरलेलं नसतं. गुजरीत मोडलेल्या चांदीचंही तेच. चांदीचं गाव हुपरी इथून जवळच, आणि आजीचे तोडे बहुतेक वेळा मुशीत जाऊन नवे पैंजण होऊन येतात.

सामान बाहेर पडण्याचे प्रसंग ठरलेले. पेठेतला वाडा पाडून अपार्टमेंट होतं, तेव्हा. भावाभावांच्या वाटण्या होतात, तेव्हा. घरातली म्हातारी माणसं जातात, तेव्हा. आणि पंचगंगेला पूर येतो, तेव्हा. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर नदीकाठच्या वस्त्यांत रस्त्याच्या दुतर्फा चिखलात माखलेल्या ट्रंका, गाद्या, पुस्तकं यांचे ढीग होते. त्या ढिगांत काय काय गेलं याची यादी कोणी केली नाही.

किलोच्या भावात केवढं काय जाऊ शकतं, याची कल्पना सिनेमावरून येते. जुन्या फिल्मच्या थरात चांदीचा अंश असतो. आपल्या देशात मूकपटांच्या आणि सुरुवातीच्या बोलपटांच्या कितीतरी फिती त्या चांदीसाठी विकल्या गेल्या. पहिला बोलपट 'आलम आरा' 1931 चा, त्याची एकही प्रत आज शिल्लक नाही. बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' 1920 मध्ये याच कोल्हापुरात तयार झाला, तोही आता पाहायला मिळत नाही.

आता देगेची गोष्ट. आमच्या ओळखीचा एक भंगारवाला आहे. आपल्यातलाच, पण शाळा मराठी, घरात बोलणं दखनी, उर्दू अक्षर वाचता येत नाही. कोल्हापूरकडच्या बहुतेक मुस्लिम घरांची हीच तऱ्हा आहे. एकदा त्याचा फोन आला, "सर, मोठी देग आलीय. काठाला नक्षी हाय. बघून जावा, न्हाईतर उद्या तोडून टाकतो." आम्ही गेलो. तांब्याची, बावीस किलोंची देग. काठाखाली छिन्नीनं ठिपका-ठिपका करून काढलेली ती 'नक्षी' म्हणजे उर्दू अक्षरं होती. पहिला शब्द 'वक्फ', पुढं एका मोहल्ल्याच्या जमातीचं नाव आणि शेवटी 1347.

वक्फ केलेली वस्तू अल्लाहच्या नावानं सोडलेली. ती विकता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. कोणीतरी त्या काळी जमातीच्या लग्नकार्यांसाठी ती देग दिली असणार, आणि पुढं कोणाच्या तरी घरी कार्याला गेलेली ती परत आलीच नसणार. आम्ही भंगारवाल्याला वाचून दाखवलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, "माझे पैसे गेलेत की ह्यात." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, त्यानं वजन करून रोख पैसे मोजले होते. त्याला घेऊन आम्ही त्या जमातीच्या लोकांकडं गेलो. तिथल्या एका बुजुर्गांना देग आठवत होती, अक्षरं मात्र त्यांनीही कधी वाचली नव्हती. जमातीनं त्याची खरेदीची रक्कम दिली. नफा त्यानं मागितला नाही. टेम्पोचं भाडं घेतलं, ते घ्यायलाच हवं होतं.

त्या दिवसापासून आम्ही कोणत्याही भांड्याचा काठ, बूड आणि झाकणाची आतली बाजू आधी वाचतो. आपल्याकडं भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे, कधी देवनागरीत, कधी उर्दूत, सोबत साल. साल हिजरी असेल तर सोपा हिशेब असा : हिजरी सालाला 0.97 ने गुणायचं आणि 622 मिळवायचे. 1347 चे होतात 1928. एखाद्या वर्षाचा फरक पडतो, तेवढा चालतो. शाळेत हा हिशेब मुलांना फळ्यावर करायला दिला, तर दुसऱ्या दिवशी तिघं-चौघं घरच्या भांड्यांवरची सालं वहीत उतरवून घेऊन आली.

साल नसेल तर भांडंच सांगतं. जुनं हातानं घडवलेलं तांब्याचं भांडं आतून पाहिलं की हातोडीचे ठोके ओळीनं दिसतात आणि पत्र्याची जाडी सगळीकडं सारखी नसते. सांधा करवतीच्या दातांसारखा एकमेकांत अडकवून डाख दिलेला असतो. यंत्रावर दाबलेल्या भांड्याला सांधाच नसतो. वापरातली झीज मुठीला, काठाला, बुडाला होते, जिथं हात लागत नाही तिथं होत नाही. सगळीकडं सारखंच काळं-हिरवं दिसलं तर ते ॲसिडचं काम समजावं. नवी पितळी वस्तू ॲसिड लावून, मातीत पुरून 'दीडशे वर्षांपूर्वीची' करणारे लोक आहेत. मुरादाबादचे कारागीर बिचारे नवी वस्तू नवी म्हणूनच घडवतात, तिला म्हातारी करणारा मधला दुकानदार असतो. चकचकीत पितळी कर्ण्याचे आणि कुत्र्याचं चित्र ठोकलेले ग्रामोफोन तर बहुतेक नवेच जुळवलेले असतात. मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, त्यांची रांग पाहायला मिळते. आणि तांब्याचं भांडं स्वयंपाकाला वापरायचं असेल तर आधी कल्हई लावून घ्या. कल्हई उडालेल्या तांब्यात चिंच-कोकमाचं, दह्याचं काही ठेवू नये.

नाण्यांच्या नादाला आम्ही फारसे लागलो नाही, पण त्याबद्दल सांगायला हवं, कारण फसवणूक तिथंच जास्त आहे आणि ती आपल्या लोकांना हेरून केली जाते. बिस्मिल्लाहच्या अक्षरांची अबजद पद्धतीनं बेरीज 786 होते म्हणून तो आकडा असलेली नोट आपण जपून ठेवतो. मग मोबाइलवर संदेश येतो, की अशी नोट लाखो रुपयांना विकत घेऊ, फक्त नोंदणीचे, कराचे, कमिशनचे अमुक हजार आधी भरा. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी मुलीच्या लग्नासाठी साठवलेल्या पैशातून दोन वेळा पैसे भरले. तिसऱ्यांदा मागणी आली तेव्हा घरात सांगितलं. नोट अजून त्यांच्याकडंच आहे. ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर इशारा दिला होता, की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी बँकेचा काहीही संबंध नाही, त्यासाठी बँक कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि कोणाला मागण्याचा अधिकारही दिलेला नाही. एका बाजूला मक्का आणि दुसऱ्या बाजूला मदिना असलेले 'प्राचीन' शिक्के हेही चलनी नाणं नव्हे, ती अलीकडं पाडलेली टोकनं आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची, 1818 सालची, रामदरबार असलेली नाणी हिंदू बांधवांच्या गळ्यात मारतात, तोही तोच माल. फसवणारा सगळ्यांच्या श्रद्धेची सारखीच कदर करतो!

खऱ्या नाण्यांपुरतं एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे : राणीच्या आणि बादशहाच्या छापाच्या जुन्या रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि त्यात जवळजवळ 92 टक्के चांदी. 1940 पासून चांदी निम्मी झाली. 1947 च्या रुपयात चांदी अजिबात नाही, तो निकेलचा आहे.

तबकड्यांबद्दल एकच सांगतो. भारतात ग्रामोफोनसाठी मोठं ध्वनिमुद्रण प्रथम 1902 मध्ये कलकत्त्यात झालं, गौहरजानचं. तबकड्या छापून येत जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. 1908 मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला. त्यामुळे लेबलवर हॅनोव्हर दिसलं तर ती तबकडी पुसायचीसुद्धा घाई करू नये. मात्र कोणी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांची तबकडी म्हणून काही दाखवलं तर नम्रपणे परत द्यावं. शाहू महाराजांच्या पदरी राहून गायलेल्या या गवयाचं गाणं तबकडीवर कधी उतरलंच नाही. शिष्या केसरबाई केरकरांचं उतरलं. असंच चित्रकार आबालाल रहिमान यांचं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला, शाहू महाराजांचा आश्रय लाभलेला आणि कोटितीर्थाच्या परिसरात बसून निसर्गचित्रं काढणारा हा माणूस 1931 मध्ये वारला. त्यांच्या नावाची चित्रं फिरत असतात. सही पाहून भुलू नये, जाणकाराला दाखवावं.

काही वस्तूंना आम्ही हात लावत नाही. हस्तिदंत, सांबरशिंग, वाघनख यांचा व्यवहार वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, मग ती आजोबांच्या वेळची असोत. देवघरातले चांदीचे टाक आणि मूर्ती यांचा व्यापार आपल्याला करायचा नाही, आणि ज्या घरातून ते निघाले त्या घरात त्यांना देव म्हणून पुजलं गेलं होतं, हेही आम्हाला विसरता येत नाही. 1972 चा पुरावस्तू कायदाही माहीत असावा : शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू किंवा नाणं आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनं महत्त्वाचं हस्तलिखित पुरावस्तूत येतं. त्यांचा विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती परदेशी पाठवता येत नाहीत. घरात जपायला मनाई नाही. म्हणूनच व्यवसाय करायचा असेल तर पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या संसारी वस्तू बऱ्या. पितळी डबे, लोखंडी खलबत्ते, एनॅमलच्या थाळ्या, फिरकीचे दिवे, सागवानी रेहल यांना सध्या चांगली मागणी आहे.

कागदांचा विषय मात्र घाईत उरकण्यासारखा नाही. रद्दीच्या दुकानात उर्दू पुस्तकांना किलोमागं इतर रद्दीएवढाच भाव, आणि वाचणारी पिढी गेली की घरातलं कपाट एका फेरीत रिकामं होतं. आम्हाला तिथं लखनौच्या नवल किशोर छापखान्याची पुस्तकं मिळाली आहेत. 1858 मध्ये मुन्शी नवल किशोर यांनी काढलेल्या या छापखान्यानं उर्दू-फारसीबरोबर कुरआन शरीफही छापलं. अशा शिळाछाप पुस्तकात कातिबानं हातानं लिहिलेली अक्षरं दगडावरून उमटलेली असतात आणि पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला असतो. कातिबांचं हे काम 1980 नंतर संगणकावर नस्तालिक आली तेव्हा थांबत गेलं. म्हणजे आपल्या आई-वडिलांच्या तरुणपणीचं साधं उर्दू मासिकसुद्धा कोणाच्या तरी हाताचं अक्षर आहे.

कुरआन शरीफचे जीर्ण नुस्खे आपण रद्दीत देत नाही. मशिदीत देतो, दफन करतो किंवा वाहत्या पाण्यात ठंडे करतो. अदब म्हणून हे योग्यच. पण त्याआधी एकदा तो नुस्खा जाणत्या माणसाला दाखवावा, अशी कळकळीची विनंती आहे. हातानं लिहिलेला मुसहफ ओळखणं फार अवघड नाही. कलम शाईत बुडवल्यावर अक्षर गडद होतं आणि हळूहळू फिकं होत जातं, तो चढ-उतार ओळीओळीत दिसतो. कागद तिरपा धरला तर दोरीच्या मिस्तरनं उठवलेल्या ओळींचे वळ दिसतात. शेवटच्या पानावर कातिबाचं नाव, गाव आणि साल असू शकतं. छापील प्रतीत तिथं छापखान्याचं नाव असतं. पुरानंतर एका मशिदीच्या ओसरीत भिजलेल्या नुस्ख्यांचे गठ्ठे दफनासाठी बांधलेले होते. आम्ही परवानगी घेऊन दुपारभर ते चाळले. सगळे छापील निघाले, एक सोडून. तो मौलाना साहेबांनी सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये टिपकागद घालून पंधरा दिवस वाळवला. भिजलेलं पुस्तक उन्हात टाकू नये, चिकटलेली पानं ओढू नयेत, एवढं त्यांना आम्ही सांगितलं होतं. बाकी सगळी मेहनत त्यांची.

ट्रंकेच्या तळाशी मोडी किंवा फारसी कागद असतील तर तेही विकू नका. मशीद, दर्गा, कब्रस्तान यांच्या इनामाची सनद त्यात असू शकते, आणि आजही जमिनीच्या तंट्यात ती कामाला येते. आधी फोटो काढून ठेवा. वाचून घ्यायला पुण्यात 1910 पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, कोल्हापुरात पुरालेखागार आहे. 2003 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशननं तर खासगी घरांतल्या हस्तलिखितांची नोंद करायची रीत घातली, नोंद झाली तरी वस्तू मालकाकडंच राहते. जुन्या पेटीत दुसऱ्याचा निकाहनामा, खत, दागिना सापडला तर तो आपण विकत घेतलेला नसतो. सापडलेल्या वस्तूची वर्षभर जाहीर ओळख देत राहावी, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. आम्ही एक निकाहनामा असाच विचारत विचारत गडहिंग्लजपर्यंत पोहोचवला.

आता ती अडचण. 2019 चा पूर ओसरल्यावर एका खालांचं घर रिकामं होत होतं. भिंतींना ओल, मुलगा त्यांना इचलकरंजीला घेऊन चाललेला. दारात काढलेल्या सामानात एक काळंकुट्ट, जड पानदान होतं. "लोखंड है क्या मालूम," खाला म्हणाल्या, "तीनसौ देव, लेके जाव." आम्ही तीनशे दिले. घासाघीस केली नाही याचं तेव्हा समाधानही वाटलं.

घरी येऊन चुंबक लावला. चिकटला नाही. मऊ कापडावर खोबरेल तेलाचा थेंब घेऊन हलकेच पुसलं, तर काळ्यातून पांढरी वेल निघाली, मग फूल, मग सगळं झाकण भरून जाळी. बिदरी काम! बीदर इथून काही फार लांब नाही. जस्तात थोडं तांबं मिसळून वस्तू ओततात, तिच्यावर नक्षी कोरून त्या खाचांत चांदीची तार आणि पत्रा ठोकून बसवतात आणि बीदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या पाण्यात उकळून धातू काळा करतात. चांदी तेवढी पांढरी राहते. वर्षानुवर्षं पुसलं नाही की तीही काळवंडते आणि सगळंच लोखंड वाटतं. अशी वस्तू चिंच किंवा पितांबरीनं घासली तर काळा रंगच जातो. पुण्यातल्या एका संग्राहकाला फोटो पाठवला. त्यांचं तासाभरात उत्तर आलं : आठ हजार, लगेच.

दोन दिवस आम्ही आनंदात होतो. तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना आमच्या मुलीनं विचारलं, "खालांना माहीत होतं का हे चांदीचं आहे ते?" घास तसाच राहिला.

या धंद्यातला नफा येतो तो बऱ्याचदा विकणाऱ्याला ठाऊक नसतं, त्यातून. आपली नजर, आपला अभ्यास, पायपीट यांची मजुरी मिळायला हरकत नाही. बाजारात पोतं मांडून बसलेल्या व्यापाऱ्याला त्याचा भाव कळतो, त्याच्याकडून स्वस्तात मिळालं तर तो आपला रिझ्क. पण पुरात घर गेलेल्या बाईला दारात गाठणं वेगळं. ओल्या धान्याच्या ढिगात हात घालून ओल वर दाखवायला लावणारे प्रेषित (स.) आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहेत. ती शिकवण विकणाऱ्याला आहे. घेणाऱ्यालाही आहे, हे आम्ही नंतर नीट वाचलं. माल घेऊन येणाऱ्या काफिल्याला बाजारात पोहोचण्याआधी वाटेतच गाठून खरेदी करू नये, आणि केलीच तर बाजारात आल्यावर, भाव कळल्यावर, सौदा मोडण्याचा हक्क त्या माणसाला राहतो, असं सहीह मुस्लिममधल्या हदीसमध्ये आहे. इमाम अबू हनीफा (रह.) कापडाचे व्यापारी. त्यांची गोष्ट सांगितली जाते, की एक बाई रेशमी वस्त्र शंभर दिरहमांना विकायला आली. इमाम म्हणाले, याची किंमत जास्त आहे. तिनं दोनशे सांगितले. याहून जास्त, ते म्हणाले. चारशेवर गेल्यावरही तेच, तेव्हा तिला वाटलं, हे थट्टा करताहेत. शेवटी त्यांनी किंमत करायला त्रयस्थ माणूस बोलावला आणि वस्त्र पाचशेला घेतलं.

मोहल्ल्यातल्या इमाम साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "सौदा झाला तो झाला, तुम्ही खोटं बोलला नाहीत. पण मन टोचत असेल तर मला कशाला विचारता? बस पकडा."

खालांचा पत्ता मिळायला दीड महिना गेला. पानदान घेऊन आम्ही इचलकरंजीला गेलो, समोर ठेवलं आणि सगळं सांगितलं : हे काय आहे, पुण्याहून काय भाव आलाय, आणि तो हवा असेल तर आम्ही आणून देतो. मुलगा लगेच म्हणाला, "अम्मी, आठ हजार!" खाला काही बोलल्या नाहीत. त्यांनी पानदान मांडीवर घेतलं, झाकणावरून बोट फिरवलं. ते त्यांच्या सासूबाईंच्या जहेजमधलं होतं. "हमारे शादी में इत्ता चमकता था," त्या म्हणाल्या. मग आत जाऊन तीनशे रुपये आणले, मोजून आमच्या हातात दिले आणि चहा टाकायला सुनेला सांगितलं.

पुण्याच्या संग्राहकांना कळवलं. ते थोडे नाराज झाले, नंतर बऱ्याच महिन्यांनी पुन्हा विचारून पाहिलं. तोवर खालांच्या नातीनं एक फोटो पाठवला होता : पानदान उशाशी, उघडं. खाला पान खात नाहीत. एका खणात बीपीच्या गोळ्या, एकात तस्बीह, एकात मोबाइलचा चार्जर गुंडाळून ठेवलेला.